मोजून घातलेला घास

मुक्या जनावरांवरच्या दयेचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण पांजरपोळापासून सुरुवात करतो. भटकी कुत्री मारायच्या हुकुमावरून 1832 मध्ये मुंबईत दंगल झाली, आणि 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई व जैन शेठांनी मिळून तिथं पांजरपोळ उभा केला. पुढं अशा ठिकाणी गाईबैलांबरोबर थकलेल्या घोड्यांनाही आसरा मिळाला. पण वाचवलेल्या जनावराला काय आणि किती घालायचं, ही विद्या त्याहून फार जुनी आहे. तिचाच आपल्याला विसर पडलाय.

आमच्या बेळगावकडच्या बायकांना कानडी परकी नाही. त्या भाषेत 12 व्या शतकात चालुक्य घराण्यातल्या जैन कीर्तिवर्म्यानं 'गोवैद्य' लिहिलं, तर 1400 च्या सुमारास अभिनवचंद्रानं 'अश्ववैद्य'. त्याच्याही कितीतरी आधी ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय, की कुरणात चरणाऱ्या घोड्याला दुसरे रोग होत नाहीत, पायाचा मात्र होतो, आणि त्यात कधी खूरही गळून पडतं.

याच्याशी जुळणाऱ्या दुखण्याला आजचे डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे नाजूक पडदे सुजतात. घोडा पुढचे पाय पुढं टाकून, सगळा भार मागं घेऊन उभा राहतो. वेळीच लक्ष दिलं नाही तर आतलं हाड खाली फिरतं. कारण पुष्कळदा पायात नसतं, खाण्यात असतं: एकदम पोटात गेलेलं धान्य, नाहीतर कोवळ्या गवतातली साखर. थोडक्यावर तगणारी तट्टं आणि म्हातारी घोडी याला लवकर बळी पडतात.

जुन्या पागांना मोजमाप ठाऊक होतं. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला पत्र लिहून दाणा-वैरण जपून, पुरवून वापरायला बजावलं होतं. तिथं टंचाईची काळजी होती. आज पांजरपोळात अडचण उलटी आहे. सणावाराला आपण टोपलीभर गूळ-हरभरा नेतो, घोडं मान हलवून खातं, आपल्याला पुण्य लागल्यासारखं वाटतं. पाय मात्र त्याचे जातात.

घोड्याचं खाणं आखडा म्हटलं की बायका विचारतात, "अहो, अन्नपाननिरोध हा अहिंसाव्रताचा अतिचार नाही का?" शंका रास्त आहे. बैलांना मुसकं बांधायला सांगितलं म्हणून ऋषभदेवांना वर्षभर आहार मिळाला नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते मुसकं माणसाचं धान्य वाचवायला होतं. चरणाऱ्या घोड्याचं मुसकं त्याचेच पाय वाचवायला असतं, त्याला भोक असतं, त्यातून थोडं थोडं गवत तोंडात जातं. उपाशी ठेवायचं नाहीच, घोड्याला उपासही सोसत नाही. वाळलं गवत पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे साखर कमी होते. चराई पहाटेची, कारण उन्हात गवतातली साखर वाढत जाते. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासायचं. तो छविच्छेद नव्हे, आपण नखं कापतो तसंच ते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या महावीर जयंतीला गुळाची टोपली भरण्याआधी एक करा. पांजरपोळात खूर तासणाऱ्याची मजुरी कोण देतं, ते विचारा. आपलं दान तिकडं वळवा.