निका पुरस्कार

रशियन चित्रपटसृष्टीतील एक प्रमुख राष्ट्रीय पुरस्कार. दिग्दर्शक यूली गुसमान यांच्या पुढाकाराने सोव्हिएट चित्रपटकर्मी-संघाने तो १९८७ साली स्थापन केला. ग्रीक पुराणकथांतील विजयदेवता नायकी (रशियन उच्चार निका) हिच्यावरून त्यास हे नाव मिळाले असून, विजेत्यास या पंखधारी देवतेची सुवर्णवर्णी मूर्ती देण्यात येते.

तत्पूर्वी सोव्हिएट चित्रपटांचा गौरव मुख्यत्वे शासनाकडून होई. १९४१ पासून दिल्या जाणाऱ्या स्टालिन पुरस्कारांत व नंतरच्या राज्य पारितोषिकांत कलागुणांबरोबरच राजकीय अनुकूलतेसही मोठे महत्त्व असे. मे १९८६ मध्ये भरलेल्या संघाच्या पाचव्या अधिवेशनात जुने नेतृत्व जाऊन एल्येम क्लिमोव्ह प्रमुख झाले. अभ्यवेक्षणामुळे अडकून पडलेल्या चित्रपटांच्या मुक्ततेसाठी समितीही नेमण्यात आली. निका पुरस्कार हे याच परिवर्तनाचे फलित होय. ऑस्करच्या धर्तीवर विजेत्यांची निवड व्यवसायबंधूंनीच मतदानाने करावी, हे त्याचे मूलतत्त्व.

पहिला पुरस्कार-समारंभ डिसेंबर १९८८ मध्ये मॉस्को येथे झाला. त्यात सर्वोत्कृष्ट ठरलेला पकायानिये (मराठी अर्थ ‘पश्चात्ताप’, १९८४) हा तेंगिझ अबुलाद्झे यांचा चित्रपट जॉर्जियन भाषेतील होता. हुकूमशहाचे पुरलेले प्रेत पुनःपुन्हा उकरून काढले जाते, या रूपककथेद्वारा त्यात स्टालिनकालीन दडपशाहीचे दर्शन घडते. पुढील वर्षी अलेक्सांद्र अस्कोल्दव्ह यांच्या कमिसार (१९६७) या सु. वीस वर्षे बंदी असलेल्या चित्रपटासाठी संगीतकार आल्फ्रेड श्निट्के, अभिनेते रोलान बीकव्ह इत्यादींना पुरस्कार मिळाले. अशा रीतीने, शासनाने नाकारलेल्या कलाकृतींना सहव्यावसायिकांकडून उशिरा का होईना, न्याय मिळाला.

१९९१ मध्ये सोव्हिएट संघराज्याचे विघटन झाल्यावरही हा पुरस्कार चालू राहिला. तथापि चित्रपटकर्मींतील मतभेद वाढत गेले. २००२ मध्ये निकिता मिखाल्कोव्ह यांच्या पुढाकाराने ‘सुवर्ण गरुड’ हा प्रतिस्पर्धी पुरस्कार निघाला. तरीही २००३ मध्ये अलेक्सांद्र रगोझ्किन यांच्या कुकूश्का (मराठी अर्थ ‘कोकिळा’, २००२) या चित्रपटास दोन्हीकडे सर्वोच्च मान मिळाला. २०१५ मध्ये अलेक्सेई गेर्मान यांच्या अखेरच्या चित्रपटास निका पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या मृत्यूनंतर (२०१३). कलाकृतीचे मोल शासनाने ठरवावे की कलावंतांनी, या प्रश्नाच्या संदर्भात निका पुरस्काराचा इतिहास उद्‌बोधक आहे.