मूळपुरुषाचा शोध

सोलापूरच्या बाजारांत दोन अनोळखी गृहस्थ बोलूं लागले, कीं चार वाक्यांच्या आंत एक प्रश्न ठरलेला असतो : "आपण मूळचे कोठले?" या प्रश्नास "येथलेच" असें उत्तर देणारा मनुष्य विरळा. विणकामावर पोट भरणारीं पद्मशाली घराणीं बहुतेक तेलंगणांतून आलीं. त्यांच्या माजघरांत तेलुगु बोलतात आणि ओटीवर मराठी. कित्येक लिंगायत व्यापारी आपलें मूळ कर्नाटकांत सांगतात. १८६० सालीं येथें आगगाडी आली, १८७७ सालीं पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानें आसपासचीं खेडीं उठविलीं. अशा रीतीनें हें शहर परगांवच्या लोकांनीं भरलें. म्हणून आपला मूळपुरुष कोण व तो कोठून आला, ही जिज्ञासा येथील घरोघर निजलेली आहे; ती जागी होते ती बहुधा घरांतील शेवटचा म्हातारा मनुष्य निघून गेल्यावर.

हीच जिज्ञासा पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास एका लहानशा बेटानें अनुभवलेली आहे. आयर्लंडांत १८४५ पासून पुढें सहासात वर्षें बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो दुष्काळ झाला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि तितकींच देश सोडून गेलीं. त्यांचे पणतू आज अमेरिकेंतून व ऑस्ट्रेलियांतून परत येऊन पडक्या देवळांभोंवतालच्या गवतांत आपल्या पूर्वजांचीं थडगीं शोधीत फिरतात. त्यांची व आपली चालरीत पाहिली तर आश्चर्य वाटतें. आपल्याकडे 'कर' हा प्रत्यय गांव सांगतो; तिकडे 'मॅक' म्हणजे पुत्र आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. ओब्रायन म्हणजे ब्रायनच्या वंशांतला. आजोबांचें नांव वडील नातवास ठेवण्याची चाल तिकडेही जुनी आहे. त्यामुळें एका गांवांत एकाच नांवाचे पांच गृहस्थ निघतात आणि शोधणारा आपल्याकडल्याप्रमाणेंच गोंधळून जातो. त्या गोंधळांतून सोडविणारी किल्ली दोन्हीकडे एकच, आणि ती म्हणजे गांव. आडनांव ठाऊक आहे पण गांव ठाऊक नाहीं, अशा मनुष्याचा शोध पहिल्या पायरीवरच अडतो.

आपल्याकडे ही किल्ली पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं सांभाळली, त्यांत तीर्थोपाध्यायांचा मान पहिला. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथें यात्रेकरू उतरला, कीं उपाध्याय त्याचें आडनांव व गांव विचारतो आणि बासनांतून नेमकी वही काढतो. तींत आजोबांची, पणजोबांची यात्रा नोंदलेली असते. भाऊ, मुलगे, चुलते यांचीं नांवें असतात. आणि पुष्कळदां खालीं त्या पूर्वजाच्या स्वतःच्या हातची मोडी अक्षरांतील सही असते. नवा यात्रेकरू आपल्या पिढीचीं नांवें तिच्याखालीं लिहितो व वही पुन्हा बासनांत जाते. ज्या पणजोबांचें चित्र घरांत नाहीं, त्यांचें अक्षर अशा रीतीनें अकस्मात् डोळ्यांपुढें येतें. देवदर्शनास गेलेला मनुष्य पितृदर्शन घेऊन परततो.

दुसरे रक्षक हेळवी. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि बेळगांव या पट्ट्यांत सुगीनंतर बैल घेऊन दारीं येणारा हेळवी ही जुन्या लोकांच्या ओळखीची मूर्ति आहे. हेळव या कानडी शब्दाचा अर्थ पांगळा. मूळचा हेळवी पांगळा असल्यामुळें बैलावर बसून फिरे, अशी समजूत आहे. तो दारांत उभा राहून त्या घराची वंशावळ म्हणतो : मूळ गांव कोणतें, तें कां सोडलें, कोणास किती मुलगे झाले, कोणाचा वंश खुंटला. मोबदला म्हणून धान्य, वस्त्र किंवा रोकड घेतो. उपाध्यायाकडे आपण जावें लागतें. हेळवी आपल्या दारीं येतो. ज्या शेतकऱ्यास काशीयात्रा स्वप्नांतही घडली नाहीं, त्याचाही इतिहास त्यानें जतन केला.

तिसरें साधन सरकारी दप्तराचें. १८५२ सालीं नेमलेल्या इनाम कमिशननें इनामदारांपाशीं हक्काचा पुरावा मागितला, तेव्हां घराण्याघराण्यांतून जुने कागद बाहेर आले आणि वंशावळीसह कैफियती लिहून द्याव्या लागल्या. जमिनी राखण्याच्या धडपडींत इतिहास राखला गेला. परंतु हें भाग्य जमीनवाल्यांचें. ज्याला इनाम नव्हतें त्याला कैफियतही नव्हती.

दप्तरावर विसंबणाऱ्या समाजाचें दप्तरच नाहींसें झालें तर काय होतें, याचें उदाहरण आयर्लंडनें दिलें. तेथील यादवी युद्धाच्या आरंभीं, ३० जून १९२२ रोजीं, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारांत स्फोट होऊन आग लागली आणि तेथील सार्वजनिक दप्तरखाना जळाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार शिरगणत्यांचे बहुतेक कागद, असंख्य मृत्युपत्रें आणि प्रॉटेस्टंट राजधर्माच्या सुमारें हजार पॅरिशांचीं बाप्तिस्मा, विवाह व दफन यांचीं पुस्तकें राख झालीं. १८६१ ते १८९१ च्या शिरगणत्यांचे कागद तर सरकारनेंच आधीं नष्ट केले होते. त्यामुळें संपूर्ण उरलेली पहिली शिरगणती १९०१ सालची. कॅथॉलिक पॅरिशांचीं पुस्तकें त्या त्या देवळांतच असल्यामुळें वांचलीं. पण खेड्यांतून त्यांचा आरंभच पुष्कळदां एकोणिसाव्या शतकांतला. आतां शोधणारा करआकारणीसाठीं १८४७ ते १८६४ या काळांत झालेल्या ग्रिफिथच्या पाहणीचे तक्ते चाळतो आणि तेवढ्यानें न भागल्यास थडग्यांवरील अक्षरें वाचूं लागतो.

येथें आयर्लंडचा धागा दख्खनशीं येऊन मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश तरुणांचा भरणा फार मोठा होता. घरीं भाकरीची वाण, म्हणून साहेबाची चाकरी. आपल्याकडील कित्येक शिपायांचीही कहाणी याहून निराळी नव्हती. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीच्या मैदानावर पेशव्यांच्या सैन्याशीं लढलेली मुंबईची युरोपियन पलटण पुढें, १८८१ सालीं, रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स या पलटणींत समाविष्ट झाली. आणि आयर्लंड स्वतंत्र होतांच, दप्तरखाना जळाला त्याच १९२२ सालीं, ती पलटण मोडली. १८१८ च्या फेब्रुवारींत सोलापूर जिल्ह्यांतील अष्टी येथें बापू गोखले पडले. मे महिन्यांत टॉमस मन्रोनें सोलापूरचा किल्ला घेतला आणि पुढें येथें छावणी बसली. लष्कर आणि सदर बझार हीं शहरांतील नांवें तिची आठवण अजून देतात.

अशा छावण्यांतून मेलेले गोरे शिपाई लढाईपेक्षां पटकीनें व तापानेंच अधिक मेले. अधिकाऱ्याच्या थडग्यावर कोरींव दगड बसे. साध्या शिपायाच्या वाट्यास बहुधा मातीचा उंचवटा येई, आणि दोन पावसाळ्यांत तो सपाट होई. पण पाद्र्यानें केलेल्या नोंदीची एक नक्कल दरवर्षीं लंडनला जाई. भरतीच्या पटांत शिपायाचें वय, उंची, धंदा व जन्मगांव लिहिलेलें असे. ते कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. दैवाचा खेळ असा, कीं ज्या आयरिश मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद त्याच्या मायभूमींत जळून गेली, त्याच्या मृत्यूची नोंद दख्खनच्या छावणीमुळें शाबूत राहिली. एकच प्रत होती ती गेली. दुसरी प्रत निघाली ती उरली.

थडगें सांपडणें ही गोष्ट मात्र वाटते तितकी सोपी नाहीं, कारण थडगींही प्रवास करतात. सोलापूर घेणारा मन्रो १८२७ च्या जुलैंत पत्तिकोंडा येथें पटकीनें वारला. त्याला गुत्ती येथें पुरलें आणि चार वर्षांनीं अस्थि मद्रासच्या सेंट मेरी देवळांत नेल्या. गव्हर्नराची ही हकीकत लिहिली गेली म्हणून कळते. युरोपियनांचीं हिंदुस्थानांतील थडगीं नोंदविण्यासाठीं १९७६ सालीं लंडनमध्यें एक संस्था निघाली. आपल्याकडे बहुसंख्य हिंदूंच्या रक्षेचें विसर्जन होतें. दगडावर नांव राहत नाहीं. म्हणून आपलें थडगें म्हणजे ती उपाध्यायाची वही, असें म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं.

या सर्व साधनांत एक मोठें छिद्र आहे. वंशावळींत पुरुषामागून पुरुष येतो. मुली बहुधा गळतात. आपल्याकडे लग्नांत आडनांवच नव्हे, तर पुष्कळ घरांत वधूचें पाळण्यांतलें नांवही बदलत असे. म्हणजे एक स्त्री दोनदां हरवते, माहेरच्या कागदांतून आणि सासरच्या स्मृतींतून. आयर्लंडांतील कित्येक थडग्यांवर पत्नीचें माहेरचें आडनांव कोरलेलें असतें व त्या एका शब्दावरून शोधणाऱ्यास अर्धें कुळ सांपडतें. मराठी कुलवृत्तांतांच्या संपादकांनींही माहेरचें नांव व गांव देण्याचा प्रघात पाडला, हें त्यांचें मोठें काम होय.

हा शोध केवळ हौसेचा नाहीं. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या तपासणीसाठीं राज्यभर जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं, तेव्हां गांव नमुना १४ चीं जन्ममृत्यूचीं जीर्ण पुस्तकें वाचण्यास मोडी जाणणारे थोडेच उरले आहेत, हें सर्वांच्या लक्षांत आलें. कागद होता, पण डोळा नव्हता. आयर्लंडनें जळालेल्या दप्तराच्या ठिकठिकाणीं उरलेल्या नकला जगभरांतून गोळा करून २०२२ सालीं, बरोबर शंभर वर्षांनीं, तो दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभारून लोकांस खुला केला. जे जळालें तें सर्व परत आलें नाहीं. जेवढ्याची दुसरी प्रत होती तेवढेंच आलें.

म्हणून घरांत आजी असेल तर तिला आजच विचारावें : तुझें माहेरचें नांव काय, तुझ्या आईचें माहेर कोणतें, आणि आपण गांव सोडलें तें कोणत्या सालीं. उत्तर तारखेसह लिहून ठेवावें, आणि त्याची एक नक्कल भावाच्या घरीं द्यावी.