जडवस्तू नोंदवहीत क्लाउड कुठे लिहायचा?

क्लाउड म्हटलं की आपण आभाळाकडे बघतो. खरं तर तो आमच्या करंजाड्यापासून फार लांब नाही. जुलै २०२० मध्ये पनवेललाच योट्टाचं मोठं डेटा सेंटर सुरू झालं. पण माझ्या संशोधनाचा प्रश्न इमारतीचा नाही, खरेदीच्या कागदांचा आहे.

सरकारी खरेदीची जुनी रीत वस्तूंसाठी घडली. सर्व्हर हवाय? तपशील ठरवा, निविदा काढा, सर्वांत कमी दराचा, म्हणजे 'एल-वन', पुरवठादार निवडा आणि माल आला की जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवा. पैसे भांडवली खर्चातून, तेही ३१ मार्चच्या आत.

क्लाउडमध्ये हातात काही येतच नाही. जेवढा वापर तेवढं बिल, आणि वापर तर निकालाच्या दिवशी एकदम वाढतो. मग 'संख्या' या रकान्यात लिहायचं काय?

उत्तर टप्प्याटप्प्याने आलं. २०१३ मध्ये केंद्राने 'मेघराज'ची दिशा मांडली. पुढे इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने पुरवठादारांचं पॅनेल केलं. त्यासाठी एसटीक्यूसीचं ऑडिट लागतं. त्यामुळे प्रत्येक कार्यालयाने सुरक्षा शून्यापासून तपासायची गरज कमी झाली. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड धोरण आणलं आणि विभागांना क्लाउडकडे वळायला सांगितलं.

धोरण बदललं तरी सवय लगेच जात नाही. आमच्याच प्रयोगशाळेत एक मशीन बंद करायचं राहिलं आणि महिन्याचं बिल बघून सगळे गप्प! खरेदी झाली की काम संपलं, असं आम्ही धरून चाललो होतो. क्लाउडमध्ये खरेदी रोज चालू असते; म्हणून खर्चाची मर्यादा, इशारे आणि लक्ष ठेवणारा माणूस आधीच ठरवावा लागतो.

त्याहून मोठा मुद्दा बाहेर पडण्याचा. एल-वन आत शिरण्याचा दर सांगतो. करार संपल्यावर जन्मनोंदी किंवा जमिनीचे उतारे कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हलवण्याचा खर्च कोणाचा, जुनी प्रत कधी पुसणार, हे करारातच लिहिलेलं नसेल तर नागरिकांचा डेटा अडकतो.

या विषयावर काम करणार असाल तर फक्त शासन निर्णय वाचून थांबू नका. निविदा, निविदापूर्व बैठकीतली प्रश्नोत्तरं आणि शुद्धिपत्रकं तारखेप्रमाणे लावा. कार्यालय कुठे अडखळलं आणि काय शिकलं, ते शुद्धिपत्रकांत दिसतं. माझं निम्मं प्रकरण तिथूनच निघालं.