तालीम, चेंडू आणि संघ



आपल्या स्मरणिकेत कुलवृत्तांत, वधूवरांचा प्रश्न आणि गुणवंत विद्यार्थी यांना दरवर्षी स्थान मिळते, ते योग्यच आहे. यंदा मात्र राजुऱ्यातील आपल्या काही तरुणांनी निराळी सूचना केली आहे. ज्ञातीचा स्वतंत्र फुटबॉल संघ काढावा, असे त्यांचे म्हणणे आहे. तिचा निर्णय करण्यापूर्वी असे संघ आपल्या देशात कसे जन्मले आणि कशाच्या बळावर टिकले, याचा इतिहास थोडक्यात वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

या खेळाचे नियम इंग्लंडात 1863 साली बांधले गेले आणि गोऱ्या पलटणींबरोबर तो हिंदुस्थानात आला. मुंबईत 1891 साली रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले, तेव्हा मैदानावर पलटणींचेच राज्य होते. 29 जुलै 1911 रोजी कलकत्त्यास मोहन बागानच्या खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीस 2-1 असे हरवून शील्ड जिंकली. एकाचा अपवाद सोडता ते सारे अनवाणी खेळले होते! त्या दिवसापासून हा खेळ आपल्या लोकांचा झाला.

महाराष्ट्रात या खेळाने खरे मूळ धरले ते कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येस उदार आश्रय दिला. 1912 साली खासबागचे मैदान उभे राहिले आणि पेठोपेठी तालमी नांदू लागल्या. पुढे याच तालमींच्या अंगणात चेंडू आला. खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, पाटाकडील तालीम ही नावेच पाहा. आखाड्याची नावे, पण संघ फुटबॉलचे! शिवाजी तरुण मंडळही त्याच परंपरेतले. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन होऊन सामन्यांना शिस्त आली. पेठेतील वडीलधारी मंडळी वर्गणी देतात, जुने खेळाडू नव्यांना शिकवतात आणि सामन्याच्या दिवशी सारी पेठ मैदानावर लोटते. या चुरशीपायी कधी कधी हाणामाऱ्याही झाल्या आहेत, हे नाकारता येणार नाही. तथापि तेथे संघात प्रवेश मिळतो तो पेठेमुळे व खेळामुळे. जात विचारून नव्हे. ज्या तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो, तेथे निराळे काय घडणार? याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली भारताच्या सतरा वर्षांखालील संघातून विश्वचषक स्पर्धेत खेळला.

कोल्हापूर आपणांस दूर पडते. परंतु हैदराबाद ही एके काळी आपली राजधानीच होती. 1956 पर्यंत राजुरा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. पुढे ते नांदेड जिल्ह्यात गेले आणि 1959 साली चांदा जिल्ह्यास जोडले गेले. आपण त्या राज्यात असतानाच, 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वर्षे, हैदराबाद सिटी पोलीस संघाने रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. चेंडू पायाशी घोळवत न बसता तो तत्काळ सोबत्यास द्यावा, ही त्यांची शिकवण. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत 1956 साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. कर्करोगाने देह पोखरलेला असतानाही त्यांनी तो संघ घडविला; पुढच्याच वर्षी ते निवर्तले. आम्ही शिक्षकी पेशातले असल्याने या गृहस्थांविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो.

याच्या उलट उदाहरणही पाहावे. मुंबईचे क्रिकेट सामने अनेक वर्षे धर्मवार संघांत होत असत. चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या पाळवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे नायकपद त्यांस कधी लाभले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांस ते 1923 साली मिळाले. जन्माकडे पाहणाऱ्या संघाने आपल्याच उत्तम खेळाडूस मागे ठेवले! ते धर्मवार सामने 1946 नंतर बंद पडले, हे उचितच झाले.

तरुणांचा उत्साह आम्हांस प्रिय आहे. ज्ञातिसंस्थेने चेंडू द्यावेत, बूट द्यावेत, गरजू मुलाची शाळेची फी भरावी. त्यात कुचराई नसावी. परंतु संघ निघावा तो राजुरा गावाचा. त्यात सर्व आळ्यांची मुले असावीत आणि आपल्या मुलांनी आपल्या गुणांवर त्यात स्थान मिळवावे. एका ज्ञातीतून अकरा गडी जमविणे अवघड नाही. पण उत्तम अकरा निवडावयाचे तर सारा गाव धुंडाळावा लागतो. चेंडू ज्याच्याकडे द्यावयाचा, त्याची जागा पाहावी, कूळ पाहू नये. आपल्या वार्षिक सभेने या दृष्टीने विचार करावा, एवढीच आमची नम्र विनंती.