काटा १२० वर थांबतो

मागच्या पावसाळ्यात एका अपघाताच्या बातमीसाठी रात्री सरकारी दवाखान्यात गेलो होतो. तेवढ्यात टेम्पोतून एका बाईंना आणलं. वय पन्नाशीचं, दम लागलेला, पाय सुजलेले. वजनकाट्यावर उभं केलं तर काटा १२० वर जाऊन अडकला, पुढे आकडेच नाहीत. सिस्टरांनी केसपेपरवर 'अंदाजे १४०' लिहिलं. लिफ्ट बंद. दोन वॉर्डबॉय, एक मावशी, बाईंचा मुलगा आणि मी, अशा पाच जणांनी चादरीत धरून त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. बाई डोळे मिटून एकच म्हणत होत्या, "माफ करा रे बाबांनो."

दुसऱ्या दिवशी एका वॉर्डबॉयच्या कमरेत उसण भरली. आठ दिवस घरी बसला, बिनपगारी. कंत्राटी माणूस, दुसरं काय होणार!

तेव्हापासून डोक्यात आहे, ही वेळ आली कशी?

आपली सरकारी आरोग्यव्यवस्था उभी राहिली ती उपाशी माणसासाठी. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातलीच. तेव्हाचे शत्रू म्हणजे मलेरिया, क्षय, देवी, कॉलरा, बाळंतपणातले मृत्यू आणि कुपोषण. पुढे १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या लोकांनी सुकडी खाऊन दिवस काढले. आमच्या घरची जुनी माणसं अजून सांगतात. त्या पिढीचा पेशंट एकटा वॉर्डबॉय उचलायचा. खाटा, स्ट्रेचर, माणसांच्या मंजूर जागा, सगळं त्याच मापाने आलं.

पेशंट बदलला आणि माप तेच राहिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा. २००५-०६ मध्ये देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी १२.६ टक्के जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत २४ टक्के. पुरुष ९.३ वरून जवळजवळ २३ वर. म्हणजे पंधरा वर्षांत दुपटीच्या आसपास.

आणि हे नुसतं खादाडपणाचं नाही हो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं अभ्यासली. बाळं सरासरी २.७ किलोची, दिसायला किडकिडीत, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टर मित्राचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मित्राची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आईच्या पोटात असतानाच उपासमार बघितलेल्या शरीरावर पुढे गोडंतेल, बिस्किटं आणि बैठं काम आलं, की साखर आणि बीपी लवकर गाठतात. त्यामुळे ओपीडीची रांग, डायलिसिसची यादी, पायाच्या जखमांचं ड्रेसिंग, सगळंच वाढतं. सिस्टर मात्र तेवढ्याच.

२०१७ ची इमान आठवते का? इजिप्तहून मालवाहू विमानाने मुंबईत आणली होती. वजन पाचशे किलोच्या घरात सांगितलं जात होतं. क्रेनने उचललं, सैफी हॉस्पिटलमध्ये तिच्यासाठी खास खोली बांधली. सगळे चॅनलवाले तिथे. (आमचा पेपरही मागे नव्हता.) मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मग घरच्यांचा आणि डॉक्टरांचा वाद, मे महिन्यात अबुधाबी, आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. एका पेशंटसाठी एवढी तयारी झाली. तालुक्याच्या ठिकाणी १३०-१४० किलोचा पेशंट आता नवलाचा राहिला नाही, त्याच्यासाठी साधी रुंद ट्रॉली नाही.

वजनाचा अंदाज चुकला की भुलीच्या आणि रक्त पातळ करायच्या औषधाचा डोसही चुकू शकतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं. शीर सापडेना म्हणून चार-चार वेळा सुई. सिस्टर वैतागतात, पेशंट ओशाळतो, आणि वर कुणीतरी ऐकवतं, "खाणं कमी करा बाई."

परवा चौकशी केली. लिफ्ट सुरू झालीय. मोठ्या काट्याची आणि ट्रॉलीची मागणी 'वर पाठवली आहे'. त्या बाई तेव्हा बऱ्या होऊन घरी गेल्या, पण तपासणीला एकदाही आल्या नाहीत. मुलाला फोन केला तर म्हणाला, "दादा, आईला परत तसं उचलून घ्यायची लाज वाटते."

तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यातला काटा कुठपर्यंत जातो? गेलात तर बघून मला कळवा.