मानवशास्त्राची पदवी : प्रवेशापासून लघुप्रबंधापर्यंत काय पूर्ण करावे लागते?

मानवाची उत्पत्ती व उत्क्रांती, त्याच्या शरीररचनेतील वैविध्य, त्याने घडविलेली संस्कृती आणि भूगर्भात मागे ठेवलेल्या खुणा या सर्वांचा एकत्रित अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे मानवशास्त्र. भारतात या विषयाच्या विद्यापीठीय अध्यापनाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. कोलकाता विद्यापीठात १९२० च्या सुमारास या विषयाचे पदव्युत्तर अध्यापन सुरू झाले, तर दिल्ली विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग १९४७ मध्ये स्थापन झाला. असे असले तरी पदवी स्तरावर हा विषय मोजक्याच ठिकाणी उपलब्ध असल्याने त्याच्या अटींविषयी विद्यार्थी व पालकांमध्ये पुरेशी स्पष्टता आढळत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीची रचनाही बदलली आहे. या पार्श्वभूमीवर, मानवशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवी पूर्ण करण्यासाठी काय आवश्यक आहे, याचा हा आढावा.

प्रवेशाची अट : विज्ञान की कला?

मानवशास्त्राला दोन दरवाजे आहेत. काही विद्यापीठांत तो विज्ञान शाखेचा विषय मानला जातो, तर काही ठिकाणी कला शाखेचा. दिल्ली विद्यापीठातील बी. एस्सी. (ऑनर्स) मानवशास्त्र या अभ्यासक्रमासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय असणे आवश्यक असते आणि २०२२ पासून तेथील प्रवेश केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर दिला जातो. लखनौ विद्यापीठात मात्र हाच विषय बी. ए. साठी घेता येतो.

हा भेद वरवर तांत्रिक वाटला, तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत. आदिवासी समाज, लोकसंस्कृती किंवा नातेसंबंध यांच्या ओढीने मानवशास्त्राकडे वळू इच्छिणारा विद्यार्थी अकरावीत सहजच कला शाखा निवडतो. आणि दिल्लीसारख्या ठिकाणचा दरवाजा आपल्यासाठी बंद झाला आहे, हे त्याला दोन वर्षांनी कळते. म्हणून या विषयाचा विचार दहावीच्या निकालानंतरच करणे आणि अपेक्षित विद्यापीठाची पात्रता तेव्हाच पाहून ठेवणे हिताचे ठरते.

श्रेयांकांचे गणित

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी नवा आराखडा जाहीर केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, मिळवावे लागतात. त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे आहे :

मुख्य विषय – तीन वर्षांसाठी ६०, चार वर्षांसाठी ८०
गौण विषय – अनुक्रमे २४ व ३२
बहुविद्याशाखीय अभ्यासक्रम – ९
भाषा व संवादक्षमता – ८
कौशल्यविकास – ९
मूल्यवर्धित अभ्यासक्रम – ६ ते ८
उन्हाळी प्रशिक्षण – २ ते ४
संशोधन प्रकल्प किंवा लघुप्रबंध – केवळ चौथ्या वर्षी, १२

याचा अर्थ असा की, पदवीपत्रावर मानवशास्त्राचे नाव येण्यासाठी एकूण श्रेयांकांपैकी किमान निम्मे त्याच विषयातून मिळालेले असले पाहिजेत. उरलेले निम्मे इतर विषयांचे असतात. मुख्य विषयात उत्तम गुण असूनही भाषेची किंवा मूल्यवर्धित अभ्यासक्रमाची एखादी अभ्यासपत्रिका राहून गेली, तर पदवी पूर्ण होत नाही. विद्यार्थ्यांचे वर्ष अडते ते पुष्कळदा अशा दुर्लक्षित दोन श्रेयांकांमुळे.

व्याख्यानाच्या एका श्रेयांकासाठी सत्रभरात १५ तास, तर प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्याच्या एका श्रेयांकासाठी ३० तास द्यावे लागतात. म्हणजे तीन श्रेयांक व्याख्यानांचे व एक प्रात्यक्षिकाचा असलेल्या अभ्यासपत्रिकेला ७५ तास लागतात. प्रात्यक्षिकांचे श्रेयांक जितके अधिक, तितके प्रयोगशाळेतील तासही अधिक, हे लक्षात ठेवून वेळापत्रक आखावे.

विद्यापीठांना या चौकटीत स्वतःची रचना करण्याची मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाने २०२२-२३ पासून लागू केलेल्या आराखड्यात प्रत्येक सत्राला २२ श्रेयांक असून तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६ होतात. त्यात मुख्य विषयाच्या प्रत्येकी चार श्रेयांकांच्या २० अभ्यासपत्रिका अनिवार्य आहेत. पहिल्या सहा सत्रांत त्या दर सत्राला तीन, तर चौथ्या वर्षाच्या दोन सत्रांत प्रत्येकी एक, अशा विभागलेल्या आहेत.

अभ्यास कशाचा?

विद्यापीठ कोणतेही असो, मुख्य विषयाचा गाभा साधारण सारखाच असतो. शारीरिक मानवशास्त्र, सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र आणि पुरातत्त्वीय मानवशास्त्र या तीन शाखांची ओळख प्रारंभी करून दिली जाते. पुढे मानवाची उत्क्रांती, भारतातील आदिवासी व शेतकरी समाज, मानवी परिस्थितिकी, संस्कृतीविषयक सिद्धान्त, शरीराची वाढ व विकास, लोकसंख्येची आनुवंशिकता, न्यायवैद्यक मानवशास्त्र आणि संशोधनपद्धती हे विषय येतात. आयोगाच्या यापूर्वीच्या, २०१५ च्या सुमारास आलेल्या श्रेयांकाधारित अभ्यासक्रमात अशा १४ मुख्य अभ्यासपत्रिका होत्या.

प्रात्यक्षिकांचे स्वरूप शाखेनुसार बदलते. शारीरिक मानवशास्त्रात हाडांची ओळख, मापनयंत्राने उंची व डोक्याची मोजमापे, रक्तगट तपासणी आणि बोटांच्या ठशांचे वर्गीकरण करावे लागते. पुरातत्त्वाच्या तासाला हातकुऱ्हाडीसारखी अश्मयुगीन हत्यारे ओळखून त्यांची रेखाचित्रे काढावी लागतात. सामाजिक शाखेत मुलाखत, प्रश्नावली आणि वंशावळ नोंदविण्याची पद्धत शिकविली जाते. या सर्वांची नोंदवही ठेवावी लागते आणि तिचे मूल्यमापन होते.

क्षेत्रकार्य : पदवीचा कणा

मानवशास्त्राला इतर समाजशास्त्रांपासून वेगळे करणारी बाब म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थी शिक्षकांसमवेत एखाद्या गावात किंवा वस्तीत राहतात, घरोघरी जाऊन माहिती गोळा करतात आणि परतल्यावर अहवाल लिहितात. त्यावर पुढे तोंडी परीक्षाही घेतली जाते. ग्रंथालयात बसून लिहिलेला अहवाल आणि प्रत्यक्ष नोंदींवरून लिहिलेला अहवाल यांतील फरक परीक्षकांच्या पहिल्या दोन प्रश्नांतच उघड होतो.

येथे गुणांपेक्षा मोठी जबाबदारी असते. ज्यांचा अभ्यास केला जातो त्यांची संमती घेणे, त्यांची ओळख जपणे आणि त्यांना अपाय होईल असे काही न लिहिणे हे या शास्त्राचे मूलभूत दंडक होत. अंदमान-निकोबारमधील आदिम जमातींच्या राखीव क्षेत्रात तर १९५६ च्या संरक्षण विनियमानुसार परवानगीविना प्रवेशच करता येत नाही.

मोजमापांचा गैरवापर होऊ शकतो, हे मराठी वाचकांना परिचित असलेल्या इरावती कर्वे यांच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. बर्लिन येथे १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मानवी कवट्यांचा अभ्यास केला. युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व कवटीच्या रचनेतून सिद्ध होईल, अशी त्यांच्या मार्गदर्शकाची अपेक्षा होती. वंश आणि कवटीची विषमता यांत असा संबंध नाही, असाच निष्कर्ष कर्वे यांनी मांडला. हाती आलेल्या नोंदी जे सांगतात तेच लिहायचे, हा धडा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे.

तिसऱ्या वर्षानंतरचा निर्णय

नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका आणि तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. पहिल्या दोन टप्प्यांवर थांबणाऱ्यांना आयोगाच्या आराखड्यानुसार उन्हाळ्यात चार श्रेयांकांचे व्यावसायिक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो. मात्र एकूण मुदत सात वर्षांची आहे. मिळविलेले श्रेयांक श्रेयांक पेढीत जमा राहतात. घरची अडचण किंवा आजारपण यामुळे शिक्षण सोडावे लागणाऱ्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के व अधिक गुण मिळविणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. त्यासाठी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प वा लघुप्रबंध मुख्य विषयातच करावा लागतो. इतर विद्यार्थी त्याऐवजी तितक्याच श्रेयांकांच्या तीन अभ्यासपत्रिका घेऊन ऑनर्स पूर्ण करू शकतात.

चार वर्षे पूर्ण करणाऱ्यांना एक वर्षाची, तर तीन वर्षांनंतर पुढे जाणाऱ्यांना दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. एकूण कालावधी दोन्ही मार्गांनी पाच वर्षांचाच आहे. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार ७५ टक्के गुणांसह चार वर्षांची पदवी मिळविणारे थेट पीएच. डी. प्रवेशासाठी पात्र ठरतात. संशोधनाची ओढ असलेल्यांना चौथे वर्ष उपयुक्त आहे. अन्य क्षेत्रात लवकर नोकरी करण्याचा मानस असल्यास तीन वर्षांची पदवी पुरेशी ठरू शकते.

एक गैरसमज

नागरी सेवा परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय असून त्याचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन प्रश्नपत्र असतात. तो घेण्यासाठी मानवशास्त्राची पदवी आवश्यक नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर तो निवडू शकतो. त्यामुळे केवळ या परीक्षेसाठी चार वर्षे या विषयाला देण्याचे कारण नाही. अपरिचित माणसांच्या अंगणात बसून त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकण्याची आणि ते जसेच्या तसे नोंदविण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी मात्र ही पदवी अवश्य विचारात घ्यावी. प्रवेश घेताना आपल्या तुकडीला लागू असलेला अभ्यासक्रम विद्यापीठाच्या कार्यालयातून मिळवावा आणि दर सत्राच्या शेवटी आपले श्रेयांक त्याच्याशी ताडून पाहावेत.