धावेचं कूळ

22 जुलै 2021ला सावित्री-गांधारीचं पाणी महाडात शिरलं आणि अंगणातली आमची जुनी गाडी चिखलात बुडाली. पुढे ती घरीच दुरुस्त करायला घेतली. बाकी सगळं खोललं, अडलं ते पुढच्या चाकाच्या बेअरिंगपाशी. दोन दिवस डिझेल पाजलं, पुलर लावला, घण घातला. आतली रिंग छर्ऱ्यांसकट निघाली, बाहेरची मात्र हबमध्ये गंजून बसलेली. पुलरच्या नखाला धरायला कडाच नव्हती.

पोलादपूरहून मेस्त्री आले. रिंगवर बोट फिरवून म्हणाले, "दादा, आता ठोकू नका. निवली की आपली आपण सुटेल. धाव आवळते ना, तशी."

त्यांनी रिंगच्या आतल्या अंगाला वेल्डिंगची रेघ गोल फिरवली. लाल रेघ काळी पडेपर्यंत कुणी बोललं नाही. मग हब फळीवर उलटा धरून हलकेच आपटला, आणि रिंग टपकन खाली पडली. तापताना हबनं तिला बाहेर पसरू दिलं नव्हतं. निवताना आत आक्रसायला मात्र तिला मोकळीक होती.

ही युक्ती बैलगाडीच्या चाकाच्या घरची. सुतार तुंबा, आरे बसवून लाकडी चाक उभं करी. त्यावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, लोहार मुद्दाम घेराला थोडी कमी ठेवी. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद करायची, सांडशींनी उचलून चाकावर उतरवायची आणि लाकूड पेट घेण्याआधी पाणी ओतायचं. चार मीटर घेराची पट्टी 500 अंशांनी तापली तर जवळजवळ एक इंच वाढते. तेवढंच निवताना परत घेते. चाक करकरतं, आरे तुंब्यात घट्ट रुततात. खिळ्यांनी असली पकड यायची नाही. मला तर लोहारकामातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

त्या तुंब्यात छर्रे नव्हते. आस आणि वंगण, बस्स. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट वेल्सच्या फिलिप वॉननं 1794 साली घेतलं, तेही घोडागाडीच्या आसासाठी. 1869 साली पॅरिसच्या ज्यूल स्यूरिरेनं ते सायकलसाठी घेतलं.

चाक बदललं, पण घट्ट बसवण्याचं गणित धावेचंच राहिलं, फक्त इंचावरून मिलिमीटरच्या शतांशांवर आलं. 80 मिलिमीटरचं लोखंडी भोक 100 अंशांनी तापवलं तर जेमतेम एक दशांश मिलिमीटर रुंदावतं. बेअरिंगला तेवढं पुरतं.

आमच्या मेस्त्रींनी जाताना नवं बेअरिंग पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. सकाळी हब तापवला, बेअरिंग फडक्यात धरून भोकावर ठेवलं. नुसत्या अंगठ्यांनी ते आत सरकलं. मिनिटभरानं हलवून पाहिलं, तर जागचं हलेना.